ताईचं घोडं

४ मार्च

शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी बसायचो. ताई वरच्या पायरीवर, मी खालच्या. रिबन तिच्या दातांत, माझी वेणी तिच्या मुठीत. "मान हलवू नकोस, धाकटे. फूल कानावर येईल, मग लोक विचारतील ही बकरी कुणाची!" दात आवळून बोलायची, त्यामुळे सगळं नाकातून यायचं.

ताई डावखुरी. तिनं बांधलेलं रिबनचं फूल नेहमी उलट्या बाजूला कलायचं. प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर ते सोडून सरळ बांधायच्या — एक शब्द न बोलता. मधल्या सुट्टीत ताई ते पुन्हा सोडून आपल्यासारखं बांधायची — तीही एक शब्द न बोलता. वसतिगृहात होतो तेवढी सगळी वर्षं हे चाललं. दोघींपैकी कुणी हरलं नाही. हरले ते माझे केस!

हे आज आठवलं ते वॉकरमुळे. वॉकर ताईचा. चार चाकं, मध्ये बसायला आसन, खाली टोपली. ताई जानेवारीत गेली आणि फेब्रुवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भाचा म्हणाला, "आत्या, घरात आहे तोच वापर की." वापरते. पण घडी केल्यावर दोन बाजू धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी तुटलीय. घडी मिटते आणि हळूच फाकते — चिंचेच्या शेंगेसारखी. म्हणून ताईच्या शिवणाच्या डब्यातली हिरवी रिबन काढली आणि बांधली. छान फूल आलं. सरळ. सिस्टर खूश झाल्या असत्या.

ताई झाली नसती. ती त्याला वॉकर म्हणायचीच नाही. "माझं घोडं." आणि दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, मला म्हणाली होती, "घोड्याची घडी करून ठेवू नकोस हं. उघडंच राहू दे. आले की लागेल."

बांधताना ते आठवलं. तरी बांधला. मधल्या वाटेत उघडा ठेवला तर मीच अडखळून पडेन.

७ मार्च

फिजिओ येऊन गेली. दर आठवड्याला येते. माझ्या अर्ध्या वयाचीही नाही, पण दरारा असा की वसतिगृहाच्या मदर आठवाव्यात. आज वॉकरची शिकवणी.

आधी दोन्ही ब्रेक खाली दाबून लावायचे. टोपली रिकामी करायची. मग आसनाच्या मधला पट्टा धरून वर ओढायचा — दोन्ही बाजू जवळ येतात. भिंतीशी उभा ठेवायचा, वाटेत नाही, आणि तसाही ब्रेक लावूनच, नाहीतर आपण टेकायला जातो आणि तो निघून जातो. उघडताना टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर भरवसा नाही. चालताना त्याच्या आत चालायचं, त्याच्या मागे धावायचं नाही. आणि बसताना —

"बसताना काय, आजी?"

"आधी ब्रेक."

"मग?"

मी पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "आधी ब्रेक, मग बूड! म्हणा."

म्हटलं! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईनं मोठ्यानं म्हटलं. इतकी हसले की गुडघा हलून टाके दुखले.

मुठींची उंचीही तिनं बदलली. ताई माझ्याहून बरीच बुटकी. हात सरळ सोडले की मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी. तेवढी वर घेतली, स्क्रू आवळले.

ताईनं ब्रेक कधी लावून ठेवला नाही. "बांधलेलं घोडं वेळेला उपयोगी पडत नाही," म्हणायची. मी लावायचे, ती काढायची. पुन्हा रिबनचीच गोष्ट.

जाताना फिजिओ दारात घुटमळली. म्हणाली, भाच्यानं तिला विचारलंय — आजी एकट्या राहू शकतील का? मे अखेरीला तिनं सांगायचं आहे. नाही म्हणाली तर वृद्धनिवासात. त्यानं जागा बघून ठेवलीय. "बाग आहे म्हणे," असं म्हणाली बिचारी.

बाग! मला ही खोली हवी. ही खिडकी. ताईचं शिवणयंत्र. एवढंच हवं.

म्हणजे आता वॉकर नीट वापरायचा. परीक्षाच समजायची.

८ मार्च

दुपारी उठले तर वॉकर पलंगाशी उघडा उभा होता.

९ मार्च

काल धड लिहवलं नाही. आज डोकं शांत आहे.

जेवण झाल्यावर मी घडी केली. ब्रेक, टोपली, पट्टा, रिबन. कपाटाशेजारच्या कोनाड्यात उभा केला आणि काठीनं पलंगापर्यंत आले. डोळा लागला. जाग आली तेव्हा वॉकर पलंगाला लागून. आसन माझ्याकडे — कुणी भेटायला यावं आणि खुर्ची ओढून बसावं तसा. रिबन डाव्या मुठीला बांधलेली.

कामवाली बाई सकाळीच जाते. दाराची कडी आतून मीच लावते, तशीच होती. तिसरं माणूस घरात नाही.

मीच उठले असणार. बाथरूमला वगैरे. झोपेत माणूस काय काय करतं! उठायचं आणि विसरायचं — म्हातारपण, दुसरं काय.

टक् असा आवाज मात्र मला ऐकू यायला हवा होता. माझी झोप कावळ्याची.

१५ मार्च

पुन्हा. तसंच. आसन माझ्याकडे.

या वेळी भ्यायचं नाही असं ठरवून नीट पाहिलं. काठीनं टोचूनसुद्धा पाहिलं — जणू ते दचकेल! ब्रेक काढलेले. रिबन मुठीला, फूल बांधलेलं.

फूल उलट्या बाजूला कललेलं.

किती वेळ बघत बसले. मग सोडलं आणि तसं बांधून पाहिलं. जमत नाही. बोटं आपल्याच वळणानं जातात. सगळं आयुष्य सरळ गाठ बांधलेली बाई मी — उलटी आणायची कुठून?

चहा केला. दोन कप केले. लक्षात आलं तेव्हा हसू आलं, आणि मग नाही आलं.

१६ मार्च

भाच्याला फोनवर सांगून बसले. चूक झाली. तोंडातून गेलंच.

"आत्या, तूच उघडला असशील गं."

"मी झोपले होते."

"हो, पण…" भाचेसुनेचा आवाज मागून स्पष्ट आला: "बघा! मी म्हणत नव्हते?"

आता कुणाला काही सांगायचं नाही. झाकली मूठ. फक्त या पानाला सांगायचं.

२४ मार्च

आज पडले असते.

बूट घालायला वॉकरच्या आसनावर बसले. आधी ब्रेक, मग बूड — मनात म्हटलंसुद्धा, आणि ब्रेक दाबलेही. शपथेवर सांगते. टेकले मात्र, आणि तो मागे सटकला. भिंत लांब होती. हाताला धरायला काही नाही. छत दिसलं. मनात आलं — संपलं, निवास.

आणि तो थांबला. आपटून नाही. मागून कुणी पोट लावून अडवावं तसा, मऊ. पाठीला ऊब लागत होती. शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला, असं लिहिणार होते. पण ते यंत्र त्याच खोलीत आहे, तेव्हा ते सोडून देते.

मागे वळून पाहायला मान वळेना. शेवटी म्हटलं, "ताई, ब्रेक तू काढायचे आणि धरायचंही तूच — हा काय खेळ?"

उत्तर आलं असतं तर मी आज हे लिहायला नसतेच!

३० मार्च

भाचा, भाचेसून आणि नात आली. वॉकर मी सकाळपासून पायाशी धरून बसले होते, न जाणो. भाचेसुनेची नजर घरभर फिरत होती — गॅस, कडी, गोळ्यांची डबी. वाईट नाही ती. घाबरते. "आत्या, रात्रीअपरात्री काही झालं तर आम्हाला कळायचं कसं?" हे तिचं खरं आहे.

नात वॉकरच्या आसनावर चढली आणि "चल रे घोड्या!" म्हणू लागली. हा शब्द तिचा नाही, ताईचा. तीच तिला शिकवून गेली. मी ओरडले, "उतर! हे ढकलायचं खेळणं नाही. यावर बसलेल्या माणसाला कुणी ढकलायचं नसतं." उतरली, आणि टेबलाशी चित्र काढत बसली. डाव्या हातानं. आमच्या घराण्यात ताईनंतर ही एकटीच.

मी समोर बसून चहा ढवळत होते. ती एकदम म्हणाली, "छोटी आजी, तू पण माझ्यासारखीच!"

"म्हणजे कशी?"

चमच्याकडे बोट दाखवलं.

चमचा माझ्या डाव्या हातात होता. कधीपासून, कोण जाणे. मी घाईनं तो उजव्या हातात घेतला. तिथे तो परका वाटला.

१० एप्रिल

फिजिओनं आल्याबरोबर विचारलं, "मुठी खाली कुणी केल्या?"

पाहिलं — खरंच खाली. ताईच्या होत्या त्याच भोकात. तो स्क्रू मला हातानं फिरतसुद्धा नाही. मी म्हटलं, "भाच्यानं असेल." धडधडीत खोटं. ती वैतागली, मला सरळ उभं केलं, हात सोडायला लावले, मनगटाशी मूठ लावून पाहिली. पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"बरोबर आहे," म्हणाली. "तुम्हाला आता हीच उंची लागते. आजी, तुम्ही वाकलात. एवढ्यात?"

मग म्हणाली, उजव्या मुठीनं माझी बोटं आवळा. आवळली. आता डाव्या. आवळली. तिनं पुन्हा उजवी आवळायला लावली. चेहरा मदरसारखा झाला — वाईट बातमी आली की मदर असाच करायच्या, काही नाही असा.

"डॉक्टरांना दाखवू या," म्हणाली. "भाच्याला मी सांगते."

१८ एप्रिल

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर चांगले आहेत, हळू बोलतात. म्हणाले, आत एक लहानसा झटका येऊन गेलाय, कदाचित एकाहून जास्त. तुम्हाला कळलाही नसेल. उजवी बाजू मंदावली म्हणून डावा हात पुढे होतो. मधेमधे थोडा वेळ पुसला जाऊ शकतो. "म्हणजे माणूस उठतं, कामं करतं, आणि मग आठवत नाही. होतं असं."

भाचा सुटल्यासारखा दिसला. त्याला उत्तर मिळालं. गाडीत माझा हात धरून बसला होता. लहानपणी मी त्याला शाळेत सोडायचे तेव्हा तो असाच घट्ट धरायचा.

मलाही उत्तर मिळालं. उठते मीच. वॉकर उघडते मीच, डाव्या हातानं. ब्रेक काढते मीच. गाठ उलटी, कारण हात डावा. सगळं जागेवर बसलं. शिवणीला शिवण.

घरी आले, वॉकर कोनाड्यात मिटून उभा होता. बांधलेला. एवढं रडू आलं! भीती गेली म्हणून रडावं माणसानं? पण भीती गेली तिच्याबरोबर ताईही गेली. परत एकदा गेली. जानेवारीत इतकी रडले नव्हते.

२५ एप्रिल

एक गोष्ट डॉक्टरांना विचारायची राहिली.

ताईची कात्री. डावखुऱ्यांची, खास मागवलेली. ताई घरी पडदे शिवायची, मी कचेरीत टाइप करायचे. घरात काही कापायचं झालं की मी ती कात्री उचलायची आणि कापड चावलं जायचं, कापलं नाही जायचं. डाव्या हातातही धरून पाहिली होती तेव्हा — गंमत म्हणून. नाहीच जमलं. ताई हसायची: "ऐका मंडळी! ही कात्री माणसं ओळखते." खोलीत मी एकटी असले तरी "ऐका मंडळी"च म्हणायची.

आज रिबनचं टोक उसवलं होतं. कात्री उचलली, डाव्या हातानं, विचार न करता. सर्रकन कापलं. मग जुनं पडद्याचं कापड काढलं आणि त्यावर चालवली. रेघ न आखता सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्यातून बोट फिरवावं तशी.

हात मंदावतो, हे समजलं. डोक्यातलं पुसलं जातं, हेही समजलं. पण जे कधी लिहिलंच नव्हतं ते उमटतं कसं?

४ मे

मे अखेरीची वाट कुणी पाहिली नाही. फिजिओनं सांगून टाकलं. डोळे खाली घालून सांगितलं, "आजी, एकट्या नको." रागावू कशी तिच्यावर? तिनं खरं तेच सांगितलं. तिनं मला नवीन वॉकर मिळवून दिलाय — हलका, कडी शाबूत. जुना ती तिच्या दुसऱ्या एका पेशंटला देणार. "चांगला आहे, फक्त कडी बसवून घेईन." मी हो म्हटलं. गरजवंताला जावा, यात वाईट काय?

भाचा आजच गाडीत टाकणार होता. ब्रेक लावले, पट्टा ओढला. मिटेना. जोर लावला. मिटेना. फिजिओनं हात घातला, म्हणाली, "तुम्ही चुकीचं ओढताय." तिच्यानंही मिटेना. भाचेसून म्हणाली, "तेल घाला." तेल घातलं. दोघं दोन बाजूंनी दाबायला लागले. घाम निथळला. घोडं अडलं ते अडलंच.

"गंजला असेल," भाचा म्हणाला. "एकवीस तारखेला आत्याला न्यायला येऊ तेव्हा दुकानातल्या माणसालाच घेऊन येतो."

एकवीस. म्हणजे माझीही तारीख ठरली. असं कळलं मला ते!

ते गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "काय गं?" आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी पट्टा उचलला.

मिटला. छत्रीसारखा.

१२ मे

आज मी एक गोष्ट करून पाहिली. वेडेपणा म्हणा. पण जायच्या आधी मला खरं काय ते हवं होतं.

शाळेत लिखाणाच्या तासाला सिस्टर ताईचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायच्या. रागानं नव्हे, सवय लागावी म्हणून. ताई चूप बसायची आणि उजव्या हातानं कोंबडीचे पाय काढायची. तेच आज मी केलं. जेवणानंतर वॉकर मिटला, बांधला, कोनाड्यात ठेवला. पलंगावर आडवी झाले आणि डावा हात पलंगाच्या दांडीला दुसऱ्या रिबनीनं बांधला. उजव्या हातानं आणि दातांनी. उजवा हात थरथरतो, तरी बांधला. फूल वाकडंतिकडं पण सरळ बाजूचं. माझं. डावा हात गुन्हेगार असेल तर आज तुरुंगात राहील. तो सुटायचा म्हटलं तर ही रिबन सोडावी लागेल, आणि उजव्या हातानं ती तशीच दुसऱ्यांदा बांधणं शक्य नाही.

झोप येईल असं वाटलं नव्हतं. आली.

उठले. हात बांधलेला. फूल माझं, सरळ, जसंच्या तसं. दातांची ओल अजून रिबनीला होती.

आणि वॉकर पलंगाशी. उघडा. आसन माझ्याकडे. हिरवी रिबन मुठीला, उलट्या गाठीची.

आसनाचं कापड मध्ये खोलगट झालेलं होतं. मी बघत होते तेव्हाच ते हळूहळू वर आलं. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

ओरडले नाही. हात सोडवून घेतला, आणि आसनावर हात ठेवला. गरम होतं.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांना हे सांगणार नाही.

१३ मे

घडी करत नाही आता. पलंगाशीच उघडा ठेवते. कोनाड्यात नवीन उभा आहे — मिटलेला, शहाणा, कुणाचाच नसलेला.

ब्रेक मात्र मी लावते. तेवढं माझं ऐक, ताई.

१६ मे

ब्रेक काढलेले. बरं बाई, तुझंच खरं.

१९ मे

बॅग भरतेय. दोन साड्या, चष्मा, चप्पल, आमचा पायऱ्यांवरचा फोटो. ताईचं शिवणयंत्र निवासात चालणार नाही, आवाज होतो. कपाट नाही. खिडकीचा पडदा नेऊ का विचारलं, तर भाचेसून म्हणाली, "तिथे पडदे आहेत, आत्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण नेऊ हं. हाही नेऊ." जवळ येऊन माझ्या खांद्यावर पदर नीट केला. तिचे हात गार होते. चांगली पोर आहे. कुणाला काय द्यायचं ते एकदा लिहून ठेवायला हवं, पण आज नको.

फिजिओ शेवटची येऊन गेली. जाताना माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. "आधी ब्रेक?" "मग बूड." दोघी हसलो. मग तिनं नाक पुसलं आणि पायऱ्यांनीच पळाली, लिफ्टची वाट न पाहता.

२० मे

सकाळपासून उजवा हात अगदीच ऐकत नाही. वेणी घालता येत नाही. वेणी कसली, शेपूट! तरी मोकळ्या केसांनी बसायची सवय नाही. सिस्टर म्हणायच्या, मोकळे केस म्हणजे मोकळं डोकं. डाव्या हातानं जमलं असतं कदाचित. पण केस दोन हातांचं काम आहे. किंवा दुसऱ्याच्या हातांचं.

उद्या भाचा सकाळीच येणार, दुकानातल्या माणसाला घेऊन.

ऊन पडद्यातून आलंय, ताईनं शिवलेल्या. फार छान दिसतंय. जरा पडते. केस मोकळेच आहेत. वॉकर शेजारी आहे. मी ब्रेक लावलेले नाहीत.

२० मे, दिवेलागण

ऐका मंडळी. धाकटी झोपलीय. उठवू नका, आणि हाका मारून घर डोक्यावर घेऊ नका. अक्षर वाईट आहे, लिहायची सवय मोडल्याला बरेच दिवस झाले.

कात्री नातीला. तिला ती चावणार नाही. शिवणयंत्र भाचेसुनेला, आवाज करते म्हणून लाजू नये, रोज चालवावं. पडदा तिथंच राहू दे, उन्हाला लागतो. भिंतीवरचं घड्याळ आणि आमच्या दोघींचा पायऱ्यांवरचा फोटो भाच्याला. त्यानं तिचा हात धरला होता ते मी पाहिलं. हिरवी शाल त्या फिजिओ पोरीला. नवीन वॉकर तिच्या पेशंटला द्या, कडी शाबूत आहे.

घोडं कुणाला देऊ नका. मिटूही नका, मिटणार नाही. ते दाराशी उघडं ठेवलंय, तोंड बाहेर करून.

धाकटीची वेणी मी घातलीय. फूल उलटं दिसेल. कुणी सोडून सरळ बांधायला जाऊ नका.